ग्वाल्हेरचा हिवाळा आणि उष्ण प्रदेशातली झाडं: दिवाळीपासून होळीपर्यंत

पुण्या-मुंबईकडचे बागकामाचे सल्ले ग्वाल्हेरात पावसाळ्यात चालून जातात, हिवाळ्यात मुळीच नाही. तिकडे 'थंडीत पाणी जरा कमी करा' एवढ्यावर भागतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा ७-८ अंशांवर असणं हे नेहमीचं. शीतलहर आली की तो ३-४ वर उतरतो आणि दाट धुक्याच्या दिवसांत दुपारीसुद्धा १५च्या पुढे सरकायला तयार नसतो. झाडांच्या दृष्टीने यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत वाईट. रात्र गार, पण दिवसा लख्ख ऊन असेल तर बरीच झाडं दुपारी सावरून घेतात. दिवसरात्र गारठा आणि सूर्याचा पत्ता नाही, असे चार-पाच दिवस लागोपाठ गेले की अँथुरियम, डायफेनबेकिया, क्रोटन यांची खरी परीक्षा सुरू होते.

हा लेख अशा झाडांसाठी आहे. नर्सरीत 'एक्झॉटिक' म्हणून चढ्या भावाने मिळणारी झाडं त्यात आलीच. शिवाय ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत दिसणारी दुसरी मंडळी आहेत: कोकणातून किंवा पुण्याहून रेल्वेत मांडीवर घेऊन आणलेली नागवेल, अबोली, सोनचाफ्याचं कलम, ओव्याच्या पानांचं रोप. ब्राझीलचं फिलोडेंड्रॉन काय आणि रत्नागिरीची नागवेल काय, ग्वाल्हेरच्या जानेवारीला दोघंही सारखीच परकी.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करून ठेवा. या दोन-अडीच महिन्यांत झाड वाढवायचं नसतं, टिकवायचं असतं. नवीन पान आलं नाही, जुनी दोन पिवळी पडून गळली, तरी बिघडत नाही. खोड टणक राहिलं आणि फेब्रुवारीअखेर एखादा कोंब दिसला की झालं. खत घालून, पाणी घालून, कुंडी बदलून झाडाला 'जोर' आणायचा प्रयत्न थंडीत जितकी झाडं मारतो तितकी थंडी स्वतः मारत नाही.

आत नेमकं काय बिघडतं

दंव गोठण्याचा आणि या नुकसानीचा फारसा संबंध नाही. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांना पाणी गोठायच्या खूप आधी, १० ते १२ अंशांखालीच इजा व्हायला लागते. काहींना १५ अंशही झेपत नाहीत. पेशीभोवतीची पातळ आवरणं थंडीने ताठरतात, आतलं पाणी आणि क्षार बाहेर झिरपायला लागतात. मुळंही मंदावतात आणि ओल्या मातीत उभी असूनही पाणी ओढू शकत नाहीत.

मग पानं मान टाकतात. घरातल्या माणसाला वाटतं, तहान लागली. तो तांब्याभर पाणी घालतो. माती आणखी गार आणि आणखी ओली होते, मुळांना हवा मिळत नाही, बुरशीला रान मोकळं मिळतं. आठवड्याभराने खोड बुंध्याशी मऊ लागतं आणि दोष 'फार थंडी पडली' या सबबीवर जातो. हिवाळ्यात मान टाकलेलं झाड दिसलं की आधी मातीत बोट घाला. माती ओली असेल तर त्या झाडाला पाणी नको आहे, ऊब हवी आहे.

दुसरं, थंडीची इजा उशिरा दिसते. स्नेक प्लांटला आज रात्री गारठा बसला तर पानावरचे पाणचट डाग काही दिवसांनी, कधी त्याहून उशिरा उमटतात. 'काल तर चांगलं होतं' याला म्हणूनच काही अर्थ नाही.

कोणाला कधी आत घ्यायचं

पहिली खरेदी थर्मामीटरची करा. वायर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर, रात्रीचं कमीतकमी तापमान लक्षात ठेवणारा, काही शे रुपयांत मिळतो. तो झाडांच्या उंचीला लावा. बातम्यांतला आकडा वेधशाळेतल्या झाकलेल्या पेटीतला असतो. उघड्या गच्चीवर, निरभ्र रात्री, पानाच्या पृष्ठभागाचं तापमान त्याहून दोन-चार अंशांनी खाली जाऊ शकतं. त्यामुळे बातम्यांत ४ अंश असताना तुमच्या गच्चीवर दंव गोठलेलं दिसू शकतं. याला इथे पाला म्हणतात आणि हरभरा-वाटाण्याच्या शेतकऱ्याला त्याचा धाक असतो, तोच तुम्हालाही हवा.

रात्रीचा पारा १५वर आला की पहिली तुकडी आत: अँथुरियम, फॅलेनॉप्सिस ऑर्किड, कॅलेथिया, फिटोनिया, ॲग्लोनिमा, डायफेनबेकिया. ग्वाल्हेरात ही वेळ साधारण दिवाळीच्या आसपास येते, फार तर तुळशीच्या लग्नापर्यंत. फॅलेनॉप्सिसला मात्र रात्रीचा थोडा गारवा, १६ ते १८ अंशांचा, दोन-तीन आठवडे मिळू द्यावा. त्यानेच फुलाचा दांडा सुटतो. म्हणून त्याला दसऱ्यालाच घाईने आत कोंडू नका.

दुसरी तुकडी १०-१२ अंशांपर्यंत धीर धरते: मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, मनीप्लांट, फिडल लीफ, रबर, अरेका पाम, क्रोटन, नागवेल, अबोली. यांची वेळ नोव्हेंबर संपता संपता येते. डिसेंबरातल्या तानसेन संगीत समारोहाच्या रात्री शाल घेतल्याशिवाय बसवत नाही, तोवर हे काम उरकलेलं असावं.

स्नेक प्लांट, झेडझेड, जेड, कोरफड ही कोरडी ठेवली तर व्हरांड्यात निभावतात, फक्त उघड्या आकाशाखाली नकोत. बोगनवेल आणि अनंत बाहेरच राहू देत, अनंत तर आपण समजतो त्याहून बराच काटक आहे. कढीपत्ता जानेवारीत पानं टाकून खराटा होतो, त्यावर जीव पाखडू नका, मार्चमध्ये तो आपोआप फुटतो. गवती चहाची टोकं वाळतात, बुंध्याशी सुका पालापाचोळा घाला आणि विसरून जा. आणि पेट्युनिया, जिरेनियम, सायक्लामेन यांना परदेशी नावं आहेत म्हणून आत नेऊ नका. त्यांना हीच हवा हवी असते.

डेंड्रोबियम ऑर्किडबद्दल थोडं सावध राहा. बाजारात जांभळी-पांढरी फुलं येणारा, वर्षभर हिरवा राहणारा प्रकार १५च्या खाली नको. नोबिले जातीचा मात्र उलटा: त्याला १० अंशांपर्यंतचा गारवा आणि जवळजवळ कोरडी विश्रांती मिळाली तरच फूल येतं. घेताना कुठला आहे ते विचारून घ्या.

आत आणण्याआधी

हे काम दुपारच्या उन्हात, ऑक्टोबर संपण्याआधी करावं. पानं, विशेषतः मागची बाजू, पाण्याच्या धारेने धुवा. पानांच्या बगलेत पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो मिलीबग. बाहेर पक्षी-कीटक त्याला आटोक्यात ठेवतात, बंद खोलीत तो महिन्याभरात सगळ्या कुंड्यांवर पसरतो. एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली नीम तेल आणि भांडी घासायच्या द्रावणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी पुन्हा फवारा. कुंडी बादलीत काठापर्यंत बुडवून पंधरा मिनिटं ठेवली की मुंग्या आणि गोमी वर येतात. बुडवलेली कुंडी पूर्ण निथळल्याशिवाय आत आणायची नाही.

कुंडी बदलायची असेल तर सप्टेंबरपर्यंत, नाहीतर आता थेट मार्चमध्ये. दिवाळीनंतर खत बंद. नत्रयुक्त खताने आलेली कोवळी पालवी थंडीत सगळ्यांत आधी काळी पडते. नर्सरीतून आलेलं झाड नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असेल तर ते लक्षात ठेवा. कोकोपीट वरून सुकलेलं दिसतं आणि आत दिवसेंदिवस ओलं असतं.

आणखी एक विमा: मनीप्लांट, सिंगोनियम, क्रोटन, नागवेल, ओव्याचं पान यांच्या फांद्या सप्टेंबरमध्येच छाटून बाटलीत पाण्यात किंवा छोट्या कुंडीत लावून ठेवा. मोठं झाड गेलं तरी वंश राहतो. घरातली सगळ्यांत उबदार खोली बहुधा स्वयंपाकघर असते, तिथल्या खिडकीत या बाटल्या मजेत राहतात.

गच्चीवरून थेट खोलीत उडी नको. आठवडाभर व्हरांड्यात, मग खोलीत. प्रकाश एकदम कमी झाला की फिडल लीफ आणि क्रोटन पानं टाकतात आणि आपण उगाच थंडीला दोष देतो.

घरात कुठे ठेवायचं

दक्षिणेची खिडकी पहिल्या पसंतीची, पूर्वेची दुसरी. याचं कारण साधं आहे. ग्वाल्हेर २६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ४० अंश वर चढतो, जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे उन्हाळ्यात ज्या दक्षिण-खिडकीत ऊन शिरत नाही, तिथे हिवाळ्यात ते खोलीत आतपर्यंत येतं. काच आधी पुसा. दिवाळीची साफसफाई होऊनही डिसेंबरपर्यंत काचेवर धुळीचा थर बसलेला असतो, आणि या दिवसांत प्रकाशाचा प्रत्येक घास मोलाचा.

रात्री हीच काच शत्रू होते. पान काचेला टेकलं की तिथे काळा डाग ठरलेला. पडदा ओढताना झाड पडदा आणि काच यांच्या मध्ये अडकवू नका. पडदा काच आणि झाड यांच्या मध्ये आला पाहिजे. जागा नसेल तर संध्याकाळी कुंड्या दोन हात आत सरकवा.

गार हवा जड असते, खाली साचते. फरशीवरची कुंडी आणि टेबलावरची कुंडी यांत दोन-तीन अंशांचा फरक थर्मामीटरने सहज दिसतो. दगडी किंवा टाइल्सची फरशी तर मुळांतली ऊब खेचून घेते. कुंड्या लाकडी पाटावर, स्टुलावर किंवा फ्रिजच्या खोक्यातून निघालेल्या थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवा. जेवायचे पाट हल्ली माळ्यावरच पडलेले असतात, त्यांना काम मिळेल.

रूम हीटर आणि ब्लोअर यांच्या झोतात झाड नको. त्याने हवा इतकी कोरडी होते की कॅलेथियाच्या कडा चार दिवसांत करपतात. हीटर लावायचाच असेल तर झाडं खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि सगळी जवळजवळ, म्हणजे ती एकमेकांच्या पानांतली ओल धरून ठेवतात. खडे आणि पाणी घातलेल्या ताटाने थोडा फरक पडतो, कुंडीचं बूड पाण्याला लागता कामा नये. पानांवर फवारा मारायची सवय मात्र हिवाळ्यात सोडून द्या. धुक्याच्या दिवसांत हवेत दमटपणा मुळात भरपूर असतो, वर थंड संध्याकाळी पान ओलं राहिलं की बुरशीचे ठिपके येतात.

सिगडी किंवा शेगडी बंद खोलीत पेटवू नका. झाडांचं राहू द्या, माणसांसाठीच ती धोक्याची आहे, कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो. झाडांपुरतं सांगायचं तर अशा धुरात इथिलीन वायू असतो आणि त्याने ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. हाच वायू पिकलेली फळंही सोडतात. पेरूचे दिवस असतात, टोपली भरून पिकलेले पेरू आणि केळी जिथे ठेवता तिथे फुलावर आलेलं ऑर्किड ठेवू नका.

धुकं आठवडाभर हटलं नाही तर दिवा लावा. महागड्या जांभळ्या 'ग्रो लाइट'ची गरज नाही. साधी २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब झाडांच्या वर फूटभर अंतरावर, सकाळी ७ ते संध्याकाळी ६ पर्यंत. एवढ्याने तग धरता येतो. एलईडीने ऊब मिळत नाही, फक्त प्रकाश मिळतो, हे विसरू नका.

पाणी

इथेच सगळा खेळ आहे, म्हणून सावकाश वाचा.

वार ठरवून पाणी घालणं बंद करा. 'दर सोमवारी आणि गुरुवारी' हा हिशेब उन्हाळ्याचा. आता प्रत्येक कुंडीत दोन पेरं बोट घाला. आत ओल लागली तर पुढची कुंडी. दुसरी खूण वजनाची: पाणी दिल्यावर कुंडी उचलून पाहा, सुकल्यावर उचलून पाहा. चार-सहा वेळा केलं की हाताला अंदाज येतो आणि बोटही घालावं लागत नाही. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉनसारख्यांना जानेवारीत दहा-पंधरा दिवसांनी एकदा पाणी पुरतं. झेडझेड आणि स्नेक प्लांट महिनाभर कोरडे राहिले तरी तक्रार करत नाहीत. ॲग्लोनिमा आणि अँथुरियम मधले, माती पूर्ण वाळू द्यायची नाही, पण चिखलही नको.

वेळ सकाळी ११ ते दुपारी २ यांच्या मधली. पहाटे उठून झाडांना पाणी घालायची आपल्याकडची पुण्यकर्माची सवय इथे नडते. सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी बर्फासारखं असतं, ते मुळांवर ओतणं म्हणजे तापमान आणखी चार अंश खाली नेणं. बोरिंगचं पाणी त्या मानाने सकाळी कोमट येतं, कारण जमिनीत खोलवर तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. पण त्यात क्षार जास्त असतात, मातीवर पांढरा थर दिसायला लागला तर ते टाळा. सगळ्यांत सोपं म्हणजे बादली आदल्या दिवशी भरून खोलीत ठेवायची.

पाणी एकदाच, तळाच्या भोकातून निघेपर्यंत घाला, आणि अर्ध्या तासाने ताटलीतलं साचलेलं ओतून टाका. रोज चमचा-चमचा पाणी देणारी माणसं मायेनेच करतात, पण वरची माती सतत ओली आणि तळाची मुळं कोरडी अशी दोन्हीकडून वाट लागते. फॅलेनॉप्सिसला पाणी देताना मधल्या पानांच्या बेचक्यात थेंब राहिले तर कागदाच्या टोकाने टिपून घ्या. गारठ्यात तिथेच कुज सुरू होते आणि मग झाड वाचत नाही. स्वतः पाणी ओढणाऱ्या कुंड्यांच्या टाक्या डिसेंबर-जानेवारीत रिकाम्या ठेवा.

मातीच्या कुंड्यांबद्दल एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ओली मातीची कुंडी माठासारखी वागते: बाजूने पाणी उडत राहतं आणि आतली माती हवेपेक्षा गार होते. एप्रिलमध्ये हा आशीर्वाद आहे. जानेवारीत ती कुंडी मोठ्या प्लास्टिकच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत सुकी पानं भरा, किंवा बाहेरून गोणपाट गुंडाळा. गोणपाट कोरडं राहिलं तरच उपयोग.

ज्यांना गच्चीवरच राहायचं आहे

सगळ्यांच्या घरात तीस कुंड्या मावत नाहीत. मोठा अरेका, जमिनीत लावलेली केळ, सोनचाफा, भिंतीवर चढलेली नागवेल आत येणारच नाहीत. त्यांच्यासाठी जागा बदलणं हा अर्धा इलाज.

वर सांगितलेल्या ४० अंशांच्या उन्हाचा इथे पुन्हा उपयोग होतो. गच्चीच्या दक्षिणेच्या कठड्याची उंची एक मीटर असेल तर दुपारी बारालाही त्याची सावली सव्वा मीटरच्या आसपास आत पडते. कठड्याला लागून ओळीने मांडलेल्या कुंड्या म्हणजे डिसेंबरभर सावलीतच. त्यांना उत्तरेच्या बाजूला, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी आणा. जिन्याच्या खोलीची भिंत यासाठी उत्तम, उत्तरेचा वारा तीच अडवते. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती दिवसा ऊन पितात आणि रात्री सावकाश सोडतात. भिंतीपासून हातभर अंतरातली झाडं आणि गच्चीच्या मध्यावरची झाडं यांच्यात सकाळी फरक दिसतो. सलग धुकं असेल तर मात्र भिंतही थंडगार, तिच्यावर भरवसा नको.

डोक्यावर काहीतरी हवं. निरभ्र रात्री पानं आपली ऊब सरळ आकाशात फेकतात. वर छज्जा, आंब्याची फांदी, हिरवी जाळी, नुसती जुनी चादर असली तरी हे नुकसान कमी होतं. महोब्याकडे देशावरी जातीच्या विड्याच्या पानाची शेती ज्या बरेज्यात होते, तो पाहण्यासारखा असतो: बांबूचा सांगाडा, वर गवताचं छप्पर, चारी बाजूंना गवताच्या भिंती. दमट हवेतली वेल बुंदेलखंडाच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि बोचऱ्या हिवाळ्यात या आडोशात टिकते. घरच्या नागवेलीसाठी त्याचीच छोटी आवृत्ती करता येते. वेलीच्या तिन्ही बाजूंना बांबूच्या चटया उभ्या करा, वर गवत किंवा जाळी टाका, आणि दक्षिणेची बाजू दिवसा उघडी ठेवा.

झाकणं घालताना कापड प्लास्टिकपेक्षा बरं. जुनी सुती साडी, चादर किंवा शेतीच्या दुकानात मिळणारं न विणलेलं पांढरं पीक-आच्छादन. प्लास्टिक वापरायचंच तर काठ्यांचा सांगाडा करून त्यावर, पानाला न टेकेल असं. जिथे टेकेल तिथे पान जळतं. कापड जमिनीपर्यंत यायला हवं, कारण ऊब मातीतून वर येते. झाडाच्या माथ्यावर टोपडं बांधून खाली उघडं ठेवण्यात फायदा नाही. सूर्य मावळण्याआधी घाला, सकाळी ऊन पडल्यावर काढा. बंद प्लास्टिकमध्ये दुपारी बारापर्यंत झाड राहिलं तर ते उकडून निघतं.

अशा तंबूत पाण्याचा कॅन ठेवायची युक्ती फार कामाची आहे. २० लिटर पाणी रात्रभरात १० अंशांनी थंड झालं तर ते जवळपास तेवढीच ऊब सोडतं, जेवढी ६० वॅटचा तारेचा जुना बल्ब चार तासांत देतो. वीज नाही, आगीची भीती नाही. ऊन असेल त्या दिवशी कॅन उन्हात तापू द्या, बाहेरून काळा रंग दिला तर अधिक चांगलं. धुकं असेल तर संध्याकाळी गीझरचं गरम पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा.

शीतलहर आली तर

मैदानी भागात किमान तापमान ४ अंशांवर किंवा त्याखाली गेलं की हवामान खातं शीतलहर धरतं. पण आपल्याला इशारा त्याआधीच मिळतो. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा, येतो, आभाळ भरतं, मावठा म्हणजे हिवाळी पाऊस पडतो, आणि त्या ढगाळ रात्री उलट उबदार जातात. ढग पांगून उत्तरेचा वारा सुटला की त्यानंतरच्या दोन-तीन निरभ्र, निवांत रात्री सगळ्यांत वाईट. मावठा थांबला की त्याच दुपारी गच्चीवर जा आणि झाडांवर घालायची झाकणं तयार ठेवा.

त्या दिवशी कुंड्यांना पाणी नाही. जमिनीत लावलेल्या केळी-सोनचाफ्याला मात्र दुपारी हलकं पाणी द्या. ओली जमीन दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री सोडते, शेतकरी पाल्याच्या रात्रीआधी पिकाला पाणी देतात ते यासाठीच. कुंडीतल्या थोड्याशा मातीला हा नियम लागू नाही, तिथे ओल म्हणजे गारठाच. शेतकरी धूरही करतात, तो शहरात करू नका.

झोपणारी झाडं

अडेनियम, देवचाफा, कॅलेडियम यांना जागं ठेवायचा अट्टहास नको. पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी करत न्या, पानं गळली की बंद. अडेनियमचा गलेलठ्ठ बुंधा हेच त्याचं साठवण-भांडं, कोरड्या मातीत तो खुशाल राहतो आणि ओल्या मातीत महिन्यात कुजतो. कॅलेडियमचे कंद काढून, माती झटकून, सावलीत सुकवून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि घरातल्या कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नव्हे. मार्चअखेर लावा.

पानं काळी पडली तर

एका सकाळी पानं उकडल्यासारखी, काळपट-पाणचट दिसली तर लगेच कात्री काढू नका आणि झाड ओढून कडक उन्हातही ठेवू नका. सावलीत, ऊबेत, पाण्याविना राहू द्या. करपलेली पानं कुरूप दिसली तरी खालच्या डोळ्यांना आडोसा देतात. लाकडी खोडाच्या झाडांची साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर होळीपर्यंत थांबा, मग वाळकं छाटा.

अपवाद मऊ खोडांचा. डायफेनबेकिया, अडेनियम, जेड यांचं खोड बोटाला मऊ लागलं तर थांबणं घातक. टणक, स्वच्छ भाग लागेपर्यंत कापत जा, कापलेल्या जागी कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांच्या मिश्रणाची भुकटी लावा, दोन-तीन दिवस सुकू द्या. डायफेनबेकियाच्या रसाने हाताला आणि डोळ्यांना आग होते, हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा.

पुन्हा बाहेर

वसंत पंचमी झाली, दोन दिवस ऊन पडलं की सगळ्यांना घाई सुटते. फेब्रुवारीत एखादा विक्षोभ हमखास उरलेला असतो. मॉन्स्टेरा, रबर, पाम यांना फेब्रुवारीच्या उत्तरार्धात व्हरांड्यात न्या. अँथुरियम, कॅलेथिया, ॲग्लोनिमा होळीनंतर, तेही रात्रीचा पारा सलग आठवडाभर १५च्या वर राहिल्यावर. पाणी हळूहळू वाढवा, नवा कोंब दिसल्याशिवाय खत नाही, आणि पहिलं खत निम्म्या ताकदीचं.

कुंड्या बदलायला मार्चचे पहिले तीन आठवडे चांगले. उन्हाची सवय सकाळच्या तासाभरापासून लावा आणि दहा दिवसांत वाढवत न्या. आपल्याकडे वसंत फार थोडा टिकतो. एप्रिलच्या मध्याला ४० अंश गाठले जातात, आणि जे पान चार महिने खोलीत राहिलं ते या उन्हात एका दुपारीत पांढरं पडतं. मार्चअखेर हिरवी जाळी टांगायची तयारी ठेवा.

नवीन झाडं घ्यायची असतील तर तीही मार्चमध्येच घ्या. ग्वाल्हेरच्या हिवाळी व्यापार मेळ्याच्या दिवसांत घरी काहीतरी हिरवं आणायचा मोह होतो, ऑनलाइन सवलतीही डिसेंबरातच असतात. पण दक्षिणेकडच्या उबदार हरितगृहात वाढलेलं अँथुरियम तीन रात्री मालगाडीत काढून जानेवारीत तुमच्या दारात येतं, तेव्हा त्याची मुळं बहुधा आधीच दुखावलेली असतात.